माय दाखवा, मग पिल्लू

नागपूर, ९ फेब्रुवारी १९८३

ती. वन्सं,

इंदूचा नमस्कार. "जिवंत आहेस की नाही, दोन ओळी तरी खरड" असं तुमचं कार्ड आलं. आता खरडते, मग चार पानं वाचून डोळे गेले म्हणू नका.

आहे जिवंत. ह्यांचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळे आपापल्या गाड्यांनी गेले आणि तेव्हापासून फाटकाची कडी वाजते ती फक्त शेजारच्या शामलाच्या हातानं. दूधवाला बाहेरूनच हाक मारतो, पोस्टमन पत्र फेकतो. शामला मात्र रोज दिवेलागणीला कडी काढून येते, हातात झाकलेली वाटी. कधी पाटोडीचा रस्सा, कधी नुसती चटणी. मी दुसऱ्या दिवशी तिची वाटी भरून देते, तोवर ती माझी एखादी घेऊन गेलेली असते. आता कोणाची वाटी कोणाच्या मांडणीवर, हे आम्हा दोघींनाही सांगता यायचं नाही.

तुम्ही तिला पाहिलंय, श्राद्धाला पानं वाढत होती ती. माहेर उमरेडचं, बाप विणकर. संक्रांतीला तिनं मला बापाच्या मागावरचं डाळिंबी लुगडं आणून दिलं, करवती काठाचं. मी म्हटलं, "अगं, मला काहून? मी कुठं नेसणार आता हे?" तर म्हणाली, "नेसू नोका जी काकू, पण घ्या. कोनी काही देत नाही ना तुमाले आता." मला रडू आलं, वन्सं. ट्रंकेत ठेवलंय.

नवरा भैय्याजी, संत्र्यांचा व्यापारी. हंगाम नसला की पांढऱ्या झिपऱ्या कुत्र्यांची पिल्लं विकतो. सध्या फार फॅशन आहे म्हणे त्याची. परसातून भुंकणं चालू असतं सारखं. मला तर सोबत वाटते त्याची.

तुमचं काय, भरलं घर! मुलगा, सून, नात. मजा आहे.

तुमची इंदू


पुणे, २४ फेब्रुवारी १९८३

चि. इंदू,

आशीर्वाद. चार पानं वाचली, डोळे शाबूत आहेत. अक्षर मात्र अजून कोंबडीनं पाय झाडल्यासारखं.

लुगडं ट्रंकेत कशाला ठेवतेस? नेस. आमच्या विश्वनाथला डाळिंबी रंग आवडायचा. तो गेला म्हणून त्याची आवड का जावी? पण तू ऐकायची नाहीस. तुम्हा नागपूरकरांना बोलायला हवं असतं, ऐकायला नको.

आता आमच्याकडची बातमी. रविंद्रानं नीलासाठी कुत्र्याचं पिल्लू आणलं. पांढरं, मुठीएवढं. आणि ते आलं कशातून? संत्र्याच्या खोक्यातून! खाली वाळलं गवत, फळ्यांना भोकं, आणि वर रंगवलेलं "भैय्याजी आणि मंडळी, नागपूर". तुझ्याच शेजाऱ्याचं का गं? मी हसून हसून दमले. माहेरचं माणूस आलं म्हणाले.

नीलानं त्याचं नाव काहीतरी इंग्रजी ठेवलंय. मी कापूस म्हणते. मला कुत्र्यांचं वेड कधीच नव्हतं, तुला ठाऊक आहे. पण त्याला माझीच खोली आवडते. सून म्हणते, मागची खोली थंड असते म्हणून. असेल.

यमुताई


नागपूर, १८ एप्रिल १९८३

ती. वन्सं,

तुमचं पत्र येऊन दोन महिने होत आले आणि मी उत्तर लिहिलं नाही. लिहायला बसले की हात थांबायचा. आज लिहूनच टाकते.

होळीनंतर शामलाला ताप आला. चार दिवस कडी वाजली नाही. पाचव्या दिवशी मीच वाटीत सार घेऊन गेले. पुढचं दार लावलेलं होतं, म्हणून परसातून गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या परसात पाऊल टाकलं नव्हतं. तिकडचं सगळं मला भिंतीवरून फक्त ऐकू येत होतं.

वन्सं, टिनाची शेड आहे आणि आत संत्र्यांचे खोके एकावर एक रचलेत. पुढून जाळी ठोकली आहे. प्रत्येक खोक्यात एक कुत्री. उभं राहिलं तर पाठ फळीला लागते. वरच्यांची घाण खालच्यांच्या अंगावर. केसांच्या गाठी होऊन दगड झालेत, आणि आचळं लोंबून फळीवर टेकलेली. त्या बाहेर कधी येतच नाहीत. पिल्लं झाली की महिन्याभरात उचलायची, खोक्यात भरायची, कुठल्या तरी रेल्वेगाडीच्या सामानाच्या डब्यात चढवायची. चारी दिशांना गाड्या जातात इथून, संत्र्यांना जशा सोयीच्या तशा ह्यालाही. मग मादीला पुन्हा लावायची. आणि मी म्हणत होते, सोबत वाटते!

शामला तापातच उठून आली. "तुमी इकडं काहून आल्या जी?" म्हणाली आणि पदरानं तोंड झाकलं. मग एका खोक्यापाशी बसली. त्यात सगळ्यात म्हातारी, तिला शामला साखरी म्हणते. शामलानं जाळीतून बोट घातलं तर ती चाटायला लागली. शामला म्हणाली, "धंदा त्यायचा, खोके त्यायचे. मी फक्त खाऊ घालतो. मले एक बी झालं नाही काकू, अन् हिले पाहा, वर्सातून दोनदा. एकीच्या कुशीत काही धरत नाही अन् दुसरीची रिकामी राहू देत नाहीत."

सार ठेवलं आणि आले.

आता सांगा, काय करू? गप्प बसले तर जेवण घशाखाली उतरत नाही. बोलले, तर माझ्या घरी येणारं एकच माणूस आहे, ते यायचं बंद होईल. इतकं साधं आहे हे.

कापसाला जपा. अंगावर गोचिड असतील, पोटात जंत असतील. कसा आहे तो?

तुमची इंदू


पुणे, ३ मे १९८३

चि. इंदू,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. सांगते ते नीट ऐक. गप्प बस.

तू एकटी बाई. उद्या रात्री पोटात दुखलं तर मी पुण्याहून येणार आहे का काढा द्यायला? ती शामलाच येईल. भैय्याजीचा धंदा बंद करायला तू कोण? आज एकाचा बंद केलास तर दुसरा गल्लीत काढेल. जगाची धुणी धुवायला निघालेल्यांची स्वतःची घागर फुटते.

कापूस मजेत आहे. उन्हाळा फार आहे यंदा. नीलाला सुट्टी लागली. बाकी ठीक.

यमुताई


नागपूर, ३० मे १९८३

ती. वन्सं,

तुमच्या पत्राचा राग आला होता. आता गेला. तुम्ही काळजीनं लिहिलंत.

पण गप्प बसता येत नाही हो. आमचा मे तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, खसचे कूलर लावून सगळं गाव आडवं होतं. आणि भिंतीपलीकडे टिनाखाली त्या झिपऱ्या जनावरांचं धापणं चालू. भुंकणं परवडलं, वन्सं. धापणं ऐकवत नाही. परवा तीन वाजता ते कमी झालं. संध्याकाळी भैय्याजी पोत्यातून दोन घेऊन गेला. मी खिडकीतून पाहिलं. शामला त्या दिवशीही आली, वाटीत आंब्याचं पन्हं. दोघी प्यालो. ते पन्हं मला आयुष्यभर आठवेल.

मी ऑफिसं फिरले. एकानं सांगितलं, पाळीव कुत्र्याची तक्रार दुसरीकडे. दुसरीकडे म्हणाले, चावलं का? नाही? मग कसली तक्रार? ठाण्यातला साहेब बरा होता, खुर्ची दिली. म्हणाला, "काकू, कायदा आहे, पण दंड इतका आहे की तो देऊन वर मला चहा पाजेल." भैय्याजीचं नाव मी कुठंच सांगितलं नाही. "एक व्यापारी" म्हणाले. अशी तक्रार कोण घेणार? माझीच मला लाज वाटली.

एक काम करा. कापसाचा फोटो पाठवा, नीलाच्या मांडीवर बसलेला. शामला म्हणते फेब्रुवारीत पुण्याला गेली ती पिल्लं साखरीचीच. तिला दाखवेन म्हणते. निदान एक लेकरू सुखात पडलं, एवढं तरी तिला कळू दे.

तुमची इंदू


पुणे, १५ जून १९८३

चि. इंदू,

फोटो नाही. कापूस नाही.

होळीच्या आधीच गेला. आल्यावर पंधरा-वीस दिवसही झाले नसतील. आधी दूध टाकलं, मग रक्ताची हगवण. डॉक्टर म्हणाले, नवीच साथ आहे, आणि ह्याला तर आईचं दूधही पुरतं मिळालेलं नाही, फार लवकर तोडलाय. रविंद्र म्हणाला, दुसरा आणू. नीला दोन दिवस रडली, मग तिला सायकल आणली.

तुला मे महिन्यात मजेत आहे म्हणून लिहिलं ते का, विचारू नकोस. विचारशीलच, तर सांगते. तू लिहितेस, भरलं घर. इंदू, ह्या भरल्या घरात सकाळी आठला सगळे जातात आणि संध्याकाळी सातला येऊन टीव्ही लावतात. मागच्या खोलीत माझं ताट येतं. मला कोणी वाईट वागवत नाही, नुसतं कोणी येत नाही. ते एवढंसं जनावर मात्र पायरी चढता येत नसताना, धडपडत, उंबऱ्यावर हनुवटी ठेवून आत यायचं. शेवटच्या रात्री माझ्या पायावर डोकं ठेवून होतं. सत्तरीची बाई मुठीएवढ्या कुत्र्यासाठी जेवली नाही, हे मी कोणाला सांगू? तू हसली असतीस. नसतीस हसली, पण मला तसं वाटलं.

तुला गप्प बस म्हणाले ते मागे घेते. कर काय करायचं ते. पिल्लू घेणाऱ्यांना एवढंच विचारायला शिकव की ह्याची आई कुठे आहे. रविंद्रानं तेवढं विचारलं असतं तर खोक्यातून काय निघतं ते कळलं असतं.

यमुताई


नागपूर, २१ ऑगस्ट १९८३

ती. वन्सं,

तुमचं पत्र मी देवापाशी ठेवलं आहे. हसले नाही. मग आजवर कधी न केलेलं केलं. दिवेलागणीला शामला आल्यावर तिला वाचून दाखवलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पायावर डोकं ठेवलं म्हन्ता? साखरी बी तसंच करते." एवढं म्हणून गेली. दुसऱ्या दिवशी आली, नेहमीसारखी. मी मनात म्हटलं, देवा, हिला कळतंय.

तुमचंच वाक्य घेतलं मी. "माय दाखवा, मग पिल्लू." छापून घेतलं आणि घरोघर वाटलं. शाळेच्या फाटकाशी उभी राहिले, देवळात राहिले. पिल्लू घेताना आई पाहायला मागा, दाखवली नाही तर घेऊ नका, बास, इतकंच सांगते. बायका म्हणतात, "काकू, एकट्या पडल्या ना, म्हणून." कोणी कागदात शेंगदाणे बांधले. एका मुलीनं मात्र बापाला दुकानातून हात धरून परत आणलं म्हणे. एकीनं तरी.

मग रामाजी शिंपी भेटला. आमच्या वस्तीचा बडग्या तोच बांधतो. तुम्ही चाळीस वर्षं पुण्यात काढली, पण मारबत विसरला नसाल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबतींचे मोठाले पुतळे निघतात आणि त्यांच्यामागं गल्लीगल्लीचे बडगे. वर्षभर ज्यानं गावाला छळलं त्याचा पुतळा करायचा, नाचवायचा, "घेऊन जा गे मारबत" म्हणत गावाबाहेर जाळायचा. रामाजी म्हणाला, "कागद वाटून काय होते जी काकू? नागपूरच्या मानसाले सांगाचं असन तर बडग्या काढा. सारं गाव पाहाते." यंदा पिल्लांच्या बाजाराचा बडग्या काढायचा ठरलं.

मी बजावलं आहे, नाव नको, चेहरा नको. कोणाचंही घर ओळखू येता कामा नये. रामाजीनं देवाची शपथ घेतली.

भरायला जुने कपडे लागतात. ह्यांची धोतरं, सदरे इतके दिवस ट्रंकेत होते, माझ्यानं हात लावला जात नव्हता. परवा डोळे मिटल्यासारखं करून सगळं गाठोडं उपसलं आणि देऊन टाकलं. बरं वाटलं.

तुमची इंदू


पुणे, ३० ऑगस्ट १९८३

चि. इंदू,

बडग्या काढा, खुशाल काढा. लहानपणी मी त्याच्यामागं ओरडून घसा बसवून घ्यायची, आठवतंय मला.

पण शामलाला आधी सांग. तुझ्या तोंडून कळू दे, ताशाच्या आवाजातून नको. उद्यावर ढकलू नकोस. तू ढकलशील, मी तुला ओळखते.

यमुताई


नागपूर, १२ सप्टेंबर १९८३

ती. वन्सं,

तुम्ही मला ओळखता. ढकललं.

दोनदा सांगायला गेले. एकदा भैय्याजी घरात होता. पोळ्याच्या दिवशी तीच पुरणपोळी घेऊन आली, साखरीला पुन्हा पिल्लं व्हायची आहेत म्हणाली आणि डोळे पुसले. तिला काय सांगू, उद्या सांगू म्हटलं. उद्या तर मारबत होती.

बडग्या झकास झाला होता. पोट सुटलेला व्यापारी, डोक्यावर खोका, गळ्यात चिंध्यांच्या पिल्लांची माळ. रामाजीनं शब्द पाळला, चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. छातीवर पाटी, "माय दाखवा, मग पिल्लू". लोक हसत होते, वाचत होते, पोरं ओरडत होती, "पिल्लांचा बाजार घेऊन जा गे मारबत!" कोणी पेपरवाला फोटो काढत होता. मला खरंच वाटलं, जिंकलो.

मिरवणूक आमच्या गल्लीत आली. शामला दारात पळसाची फांदी खोचून ओट्यावर उभी होती, सगळ्यांसारखी हसत होती. मग तिचं हसू थांबलं. मी तिच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. बडग्याला फेटा बांधला होता. डाळिंबी. करवती काठाचा.

वन्सं, ते गाठोडं मी न बघता दिलं होतं. ह्यांच्या धोतरांच्या मध्ये मीच जपून ठेवलं होतं ते, कसर लागू नये म्हणून. आणि रामाजीला फेट्याला रंगीत कापड हवंच होतं.

शामला ओट्यावरून उतरली, गर्दीतून आली, लोंबता पदर हातात घेतला आणि काठ उलटून पाहिला. तिचा बाप काठात एक हिरवा धागा टाकतो, आपली खूण म्हणून. तो होता. तिनं मान वर केली आणि मला विचारलं, "काकू, हे तुमी देल्लं?" मी "चुकून गं शामला" म्हणाले. ताशात ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. ती आत गेली.

मी रामाजीला म्हटलं, फेटा सोड. तो घाबरला. "मारबतीले देल्लं ते परत घेत नसतेत जी. ईडापिडा घरात येते." गाडी पुढं गेली. जाळलं असेल.

पण खरं पुढेच आहे. भैय्याजीनंही सासऱ्याचं कापड ओळखलं. संध्याकाळी भिंतीवरून ऐकू आलं, तो ओरडत होता, "आपल्या घरचं लुगडं बडग्यावर? बायकोनंच नवऱ्याचा बडग्या केला म्हनून गाव हसून राहिलं! कोनं देल्लं ते?" मी पायांत चपला घालत होते, जाऊन सांगणार होते. तेवढ्यात शामलाचा आवाज आला. अगदी शांत. "म्या देल्लं."

मी चपला घालून तशीच उभी राहिले. गेले नाही.

त्या दिवसापासून कडी वाजली नाही. आज गणपतीचा तिसरा दिवस. मी मोदक केले, दोन, आणि दोन्ही मीच खाल्ले.

इंदू


पुणे, २६ सप्टेंबर १९८३

इंदू,

रडून झालं असेल तर ऐक. चपला अजून पायांत असतील तर आत्ता जा आणि भैय्याजीला सांग की लुगडं माझ्या ट्रंकेतलं होतं. ती बाई तुझं पाप अंगावर घेऊन बसली आहे. तिचा उपकार वापरून तू घरात मोदक खातेस?

रागावले, पण दुसरंही सांगते. मी देवळात कथेला जाते तिथल्या बायकांना कापसाची गोष्ट सांगितली. खोकं, गवत, रक्त, सगळं. लाज सोडली. नीलाच्या शाळेतल्या बाईंनी तुझी ओळ फळ्यावर लिहून घेतली. ज्या माणसानं रविंद्राला पिल्लू विकलं, त्याच्याकडे आता लोक आई दाखव म्हणतात आणि तो चिडतो. चिडू दे.

नीला हल्ली संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन बसते, "नागपूरच्या आजीचं पत्र आलं का" विचारते. म्हणून लवकर लिही.

यमुताई


नागपूर, १३ नोव्हेंबर १९८३

ती. वन्सं,

दिवाळी होऊन गेली. तुम्ही सांगितलंत तशी गेले होते. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी.

भैय्याजी संत्र्यांचं गवत चाळत बसला होता. मी सगळं सांगितलं, ट्रंक, गाठोडं, सगळं. त्यानं मान वर केली नाही. म्हणाला, "ते म्या त्याच दिवशी ओळखलं जी काकू. तिचं लुगडं तुमाले देल्लेलं मले मालूम होतं. पण 'म्या देल्लं' म्हनली ना ती, ते खोटं नव्हतं. तिच्या मनातलं होतं. म्हनूनच लागलं." मग म्हणाला, शामला उमरेडला गेली, बापाकडे. पाठवली की गेली, ते त्यानं सांगितलं नाही आणि मला विचारायचा हक्क नव्हता.

धंदा बंद झाला, वन्सं. पेपरात फोटो आला होता. गिऱ्हाईक दारात येऊन माय दाखवा म्हणू लागलं, आणि ते खोके दाखवायचे कसे? दसऱ्याच्या सुमारास एक ट्रक आला. काही कुत्र्या रामाजीनं आणि मी आधीच घरं बघून दिल्या होत्या, भैय्याजीनं आडकाठी केली नाही. बाकीच्या ट्रकमधून गेल्या, कोराडीच्या बाजूला कोणी नवा माणूस शेड टाकतोय म्हणे. म्हणजे तुम्ही मेमध्ये लिहिलंत तेही खरं ठरलं. रविवारी मी तिकडच्या बसस्टॉपवर पाटी घेऊन उभी राहते. उन्हात बरं वाटतं, कोणी ना कोणी विचारतं, काकू, हे काय लिहिलंय?

आता मुख्य. शामला गेली त्या पहाटे, ती गेल्याचं मला ठाऊकही नव्हतं तेव्हा, मी ओट्यावर सडा टाकायला बाहेर आले, तर फाटक उघडं होतं आणि ओट्यावर संत्र्याचा खोका. जाळी काढलेली. आत साखरी. पोट रिकामं, पिल्लं तिची गेली होती बहुतेक. आणि खोक्याशेजारी माझी वाटी, तीच, जी तिच्याकडे राहिली होती. चिंचेनं घासून लख्ख केलेली.

रिकामी होती, वन्सं.

मी तिच्यात साखरेचा दाणा तरी असेल म्हणून बोट फिरवून पाहिलं. काही नव्हतं. सोळा वर्षं शेजार आहे आमचा, एकदाही तिनं माझी वाटी रिकामी परत केली नव्हती. तुम्ही म्हणाल, साखरी दिली ना तिनं, ह्याहून भरलेली वाटी कोणती? रामाजीही तेच म्हणतो. मला नाही कळत. दिवसा तसं वाटतं आणि संध्याकाळी नाही वाटत.

साखरी आता घरात आहे. केस कापले, आत एवढीशीच निघाली. खोका मी फोडून जाळला. पण ती खोलीच्या मधोमध तेवढ्याच जागेत आखडून बसते, जणू अजून फळ्या आहेत. ताटली दोन हात लांब ठेवली तर उपाशी राहते, येत नाही. पाय पसरायला तिला अजून जमलेलं नाही. माझ्या पायावर डोकं ठेवलं नाही तिनं, तुमच्या कापसासारखं. मी तिची कोण?

फक्त दिवेलागणीला एक होतं. शामला तिला त्याच वेळी खाऊ घालायची, मग हात धुऊन माझ्याकडे यायची. त्या वेळेला साखरी मान उचलते, कान ताठ करते आणि फाटकाकडे पाहते. माझ्या हातात शामलाची वाटी असते. रोज काहीतरी करून भरते मी ती. रिकामी परत करायची नसते आणि भरलेली उमरेडला नेऊन द्यायचं तोंड अजून झालेलं नाही. उमरेडची एस.टी. तर घरावरूनच जाते.

वारा सुटला की कडी हलते. तेव्हा आम्ही दोघी एकदमच उठतो, वन्सं. साखरी तिच्या त्या जागेतून चार पावलं बाहेर येते, दारापर्यंत. मग कोणी नसतं. ती परत जाऊन बसते, मी दिवा लावते.

तुमची इंदू